बिब्ब्याच्या आधीचा डाग

आमच्या आणि काकूच्या घरातला वारंगुळा आई गेल्यावर तुटला होता. आज तुमच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या आमच्या, आणि मजुरीचं नाव काढायचं नाही, असा तो जुना रिवाज. या वर्षी दिवाळी सरली, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या आणि वेचणीला बाई मिळेना. कापसाची पराटी पांढरीफटक होऊन उभी. वर आभाळ भरून यायचं आणि दोन दोन दिवस तसंच राहायचं. भिजलेला कापूस कुणी दारात उभा करत नाही. शेवटी वडीलच, आमचे आबा, एका सकाळी काकूच्या ओट्यावर जाऊन बसले आणि चहा पिऊन परत आले.

"रविवारी आवडाबाईच्या रानात जायचं," ते म्हणाले. "फुडच्या रविवारी त्या आपल्यात येतील."

"मला सुट्टी एकच असते, आबा."

"म्हणून तर रविवार धरला."

मी देवगाव रंगारीच्या अलीकडे, आमच्याच गावातल्या आरोग्य उपकेंद्रात आहे. गाव मला सिस्टर म्हणतं, घरचे तनू. आई आजारी पडली तेव्हा शहरातली नोकरी सोडून मी ही नेमणूक मागून घेतली. नेमणूक मिळाली आणि दोन महिन्यांत आई गेली.

त्या रविवारी उन्हाला धार नव्हती, पण उकडत होतं. पोटाला ओटी बांधून आम्ही चौघं चार तासांना, म्हणजे पराटीच्या चार ओळींना, लागलो. आबा, काकू, मी आणि काकूची मुलगी मंजुषा. मंजुषा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दिवाळीला माहेरी आली होती, ती वेचणीसाठी राहिली. वाळक्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला लागतात आणि संध्याकाळपर्यंत बोटं रक्ताळतात. मंजुषा दर पाच मिनिटांनी बोट तोंडात घालत होती.

"लेकरावानी बोट काय चोखती? हात चालव," काकू पुढून ओरडली.

"चालवते ना. तुह्या मागं लागून येड लागायची येळ आली मला. सकाळधरनं नुसती कटकट."

"सासरी गेल्यावर आठवंल कटकट."

"व्हय, लई आठवंल. फोटो लावीन तुहा."

काकू हसली. मी ओटी गच्च भरली नसतानाच ढिगाकडे रिकामी करायला गेले.

दुपारी बांधावरच्या लिंबाखाली भाकरी खायला बसलो. काकू सकाळपासून उजवा पाय तिरपा टाकत होती. मंजुषानं तो ओढून मांडीवर घेतला. "काटा हाय का काय? बघू दी." मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन तिनं काढली. काकू "मेले गं, हळू" म्हणत तिच्या पाठीत चापट्या मारत होती. मंजुषा टाचेला थुंकी लावून ओढणीनं पुसत होती. माती निघाली आणि मला तो दिसला.

टाचेच्या आतल्या बाजूला, चिंचोक्याएवढा. मध्ये काळा, एका कडेला निळसर, आणि कडा गोल नाही. ओल्या कागदावर शाई फुटावी तशी बाहेर पसरलेली.

"काटा नाय," मंजुषा म्हणाली. "डाग हाय नुसता."

काकूनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या टाचेकडेच पाहत होते. तिनं पाय मागं घेतला आणि लुगड्याखाली झाकला.

मी भाकरीचा तुकडा मोडला. त्याला ठेचा लावला आणि खाल्ला. 

आईच्या टाचेत चार वर्षांपूर्वी बोरीचा काटा मोडला होता. काकूनंच बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल चरचरत टाचेला लावलं. काटा मोडला की आमच्याकडे हेच करतात. डाग पडतो, कातडं निघालं की जातो. आईचा गेला नाही. मोठा झाला तरी आम्ही त्याला बिब्ब्याचाच म्हणत राहिलो. त्या दिवाळीला मी शहरातून आले. आईच्या पायाला तेल लावताना तो माझ्या अंगठ्याखाली आला, आणि चार वर्षं नर्सिंग शिकलेली मी म्हणाले, "केवढा लावला गं बिब्बा!" आई म्हणाली, "आवडाचा हात जड हाय." आम्ही दोघी हसलो. पुढच्या वर्षी जांघेत गाठ आली, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी आधी पाय बघायला मागितला.

बिब्ब्यानं काही झालं नव्हतं हे मला कळतं. त्याच्याखाली आधीच काहीतरी असणार. पण तेराव्याला काकू रडत माझ्या गळ्यात पडायला आली तेव्हा मी उठून चुलीकडे गेले होते. सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

आणि आज मंजुषाच्या मांडीवर तिच्या आईचा पाय आला होता. ती काही शिकली नव्हती, तिनं काही चुकवलं नव्हतं, तिला काही माहीतच नव्हतं. तरी तिला तो डाग चिंचोक्याएवढा असताना मिळाला. माझ्या आईचा डाग मी नीट पाहिला तेव्हा तो रुपयाहून मोठा होता आणि चिघळत होता. त्या दुपारभर मी वेचत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. हिला का?

मंगळवार आमच्याकडे फोटोच्या दवाखान्याचा वार. हे नाव गावानं ठेवलं. कातडीचं काही असलं की मी टॅबवर फोटो काढते. एक लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून, उजेडात, सावली पडू न देता. शहरातल्या चारुता मॅडम ते बघतात आणि मंगळवारी दुपारी पडद्यावर येतात. बहुतेक नायटे असतात. खरूज, फवारणीनं उठलेलं अंग, क्वचित एखादा बधिर चट्टा.

त्या मंगळवारी काकासाहेब आले होते. माजी सरपंच, पासष्टीचे. फोटो काढताना दार लावून घेतलं, खिडकी लावायला सांगितली.

"खिडकी लावली तर उजेड येत नाही, काकासाहेब."

"लेकी, जागा अडचणीची हाय. ती बाई तिकडं शहरात, म्या इथं, अन् मधी तू. तिघांत एकाला तरी लाज पाहिजे."

मॅडमनी विचारलं, "ही मेडिकलमधली ट्यूब किती दिवस लावताय?"

"दोन वर्षं झाली, मॅडम. कंपनी बदलून बदलून."

मॅडम हसल्या नाहीत. ट्यूबनं नायटा कसा दबतो आणि पसरतो, ते त्यांनी नीट सांगितलं. शेवटी मला म्हणाल्या, "सिस्टर, श्रावणातल्या प्रशिक्षणात तळव्याचे, नखाखालचे डाग दाखवले होते. तसं तुमच्याकडून एकही आलं नाही. आपल्या लोकांत ते पायालाच लपतं. बघत राहा."

त्या प्रशिक्षणात, तालुक्याच्या सभागृहात, भिंतीवर एक टाच आली होती. भिंतीएवढी मोठी. शेजारची बाई "ई" म्हणाली होती. मी पाणी प्यायला बाहेर गेले होते.

"बघते, मॅडम," मी म्हणाले.

उपकेंद्राची वाट काकूच्या दारावरून जाते. बुधवारी ती अंगणात सरकी वाळवत होती. गुरुवारी मंजुषाचं डोकं मांडीवर घेऊन तेल जिरवत होती. "ये तनू, तुहं बी डोकं कोरडं खंक झालंय," ती म्हणाली. मी घड्याळ दाखवलं. शुक्रवारी, शनिवारी ओटा रिकामा होता. मनात म्हणायचे, तिला त्रास झाला तर ती येईल. दवाखाना काय पळून जातोय? मग म्हणायचे, सोमवारी बोलू. हे सगळं म्हणताना आतून मला ठाऊक होतं की मी एक गोष्ट करतेय आणि तिचं नाव घेत नाही.

दुसऱ्या रविवारी त्या दोघी आमच्या रानात आल्या. काकूच्या पायाला चिंधी बांधलेली. चवड्यावर चालत होती. तरी येताना आबांसाठी मेथीची भाजी आणि तिळाची चटणी घेऊन आली होती. एक ओळ वेचून झाली आणि ती बांधावर बसली. काकू कधी बांधावर बसत नाही.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"काय नाय भावजी. काटा मोडला, बिब्बा लावला, त्यो उतला. फोड आलीया."

"कवा लावला?"

"मागल्या रविवारी. सांजच्याला."

मी खाली वाकलेली होते. तशीच राहिले. मागच्या रविवारी दुपारी तिच्या टाचेत काटा नव्हता.

संध्याकाळी त्या गेल्यावर आबा कापसाचे गठ्ठे बांधत होते. मी दुसऱ्या टोकाला फडकं ओढून धरलं होतं.

"आवडाबाईचा पाय बरा नाय. तू बघितलास का?"

"बघितला."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. "मागच्या रविवारी. बिब्ब्याच्या आधी."

आबांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "बाईवानीच हाय का?" आईला ते कधी नावानं हाक मारत नसत, बाई म्हणत.

"तसाच दिसला."

त्यांनी गठ्ठा एकट्यानं पाठीवर घेतला. एरवी दोघं लागतात. मी मागून हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू दी." घरापर्यंत ते माझ्यापुढे वीस पावलं चालले. रात्री ताटावर बसले, अर्धी भाकरी खाल्ली आणि उठले.

सोमवारी सकाळी मी काकूच्या घरी गेले. ती चुलीपुढे होती.

"काकू, उद्या दवाखान्यात या. पायाचा फोटो काढायचाय."

"बिब्ब्याचा कसला फोटो काढती? गाव हसंल."

"बिब्ब्याच्या आधी काय होतं तिथं?"

"काटा."

"काटा नव्हता."

तिनं लाकूड आत सारलं. धूर झाला. धुराकडेच बघत ती म्हणाली, "तनू, बाईला शहरात नेलं, पाय कापला, सुया टोचल्या, केस गेले. राह्यली का? नाय राह्यली. मंग म्या कशाला जाऊ? त्या काळ्याला म्या बिब्ब्यानं जाळलं. कातडं निघंल, संगं त्यो बी निघंल."

तर तिला कळलं होतं. त्या दुपारी माझ्या नजरेतूनच तिला कळलं होतं. मी तोंडानं बोलले असते तर ती दवाखान्यात आली असती. मी बोलले नाही, म्हणून तिनं दिव्यावर बिब्बा धरला.

मंजुषा अंघोळ करून केस झटकत बाहेर आली. तिनं फोटोचं तेवढंच ऐकलं होतं. "आई, फोटोच तर काढायचाय. मी नेते स्कूटीवर. फुकट हाय ना, तनू?"

"फुकट आहे."

मंगळवारी दोघी आल्या. बाहेरच्या बाकावर काकासाहेब दुसऱ्या फोटोसाठी बसले होते, पेपर वाचत. मी चिंधी सोडली. फोड फुटून कातडं लोंबत होतं, खाली लाल, कडेनं काजळी रंग. सगळं एकात एक मिसळलेलं. नऊ दिवसांपूर्वीची निळसर कडा कुठं दिसत नव्हती. मी धुतलं, पुसलं, मोजपट्टी ठेवली, तीन फोटो काढले. माझी सावली पडू दिली नाही.

मॅडम पडद्यावर आल्या. बराच वेळ फोटो मोठा करून बघत होत्या.

"बिब्बा का?"

"व्हय मॅडम," काकू म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं पडद्यासाठीही सारखा केला. "काटा मोडला व्हता."

"लावायच्या आधी तिथं डाग, तीळ, काही?"

"काय नाय. साफ व्हतं." लिंबाखालचा तो डाग मंजुषाच्या ध्यानातही राहिला नव्हता.

"बरं. भाजल्यासारखंच दिसतंय. मलम लिहिते, बिब्बा पुन्हा लावू नका. सिस्टर, एक महिन्यानं कातडं भरलं की परत फोटो पाठवा. तोवर बंद करू या."

"चला," मंजुषा म्हणाली, "जीव भांड्यात पडला." तिनं आईची चप्पल पायापुढे सरकवली. "उगंच घाबरवलं सगळ्यांनी. आता भजे करती का घरी गेल्यावर?"

"तुला भजेच सुचत्यात," काकू म्हणाली. 

टॅबवर खाली हिरवी चौकट आली होती. तिच्यावर बोट ठेवलं की नोंद बंद होते. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, भाजलंय. पेशंटनं सांगितलं होतं, साफ होतं. एक महिना. मला कुणी काही विचारलं नसतं. पुढं काही झालं असतं तर मंजुषा माझ्याकडेच रडत आली असती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला असता. आणि आम्ही दोघी सारख्या झालो असतो. हे मी मनात स्पष्ट वाक्यात म्हणाले. त्याआधी कधी इतकं स्पष्ट म्हणाले नव्हते.

"मॅडम, थांबा," मी म्हणाले. "डाग बिब्ब्याच्या आधीचा आहे."

काकूनं माझा दंड धरला. "तनू."

"कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"मी पाहिला होता. बिब्बा लावला त्याच दिवशी, दुपारी. साधारण दीड सेंटिमीटर. मधे काळा, वरच्या कडेला निळसर, कडा सारखी नाही. आतल्या बाजूला तपकिरी पसरलेला."

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"मग तेव्हाच फोटो का नाही घेतला?"

टॅबचा आवाज मोठा होता. बाहेर पेपरची घडी घातल्याचं ऐकू आलं.

"घेतला नाही," मी म्हणाले.

"कारण?"

"कारण नाही, मॅडम. मी घेतला नाही."

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "उद्या सकाळी माझ्याकडे पाठवा. मी स्वतः बघेन. आणि तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते शब्द न शब्द चिठ्ठीवर लिहा. तारखेसकट."

पडदा काळा झाला. मंजुषा अजून चप्पल हातात धरून वाकलेली होती.

"नऊ दिस?" ती म्हणाली. "तू रोज आमच्या दारावरनं जाती. काल चहा पेलीस."

"मंजे, गप," काकू म्हणाली.

"काहून गप? मोठ्या आईचं झालं तवा म्या तुह्या गळ्यात पडून रडले व्हते, तनू. तू नऊ दिस..." पुढं तिला बोलता येईना. तिनं आईला उठवलं, कमरेला हात घालून बाहेर नेलं. काकासाहेबांनी त्यांच्यासाठी दार धरलं. मग आत डोकावून मला म्हणाले, "माझा फोटो उद्याच काढ, लेकी." आणि तेही गेले.

मी चिठ्ठी लिहिली. तारीख लिहिताना पेन थांबलं नाही.

शहरातल्या दवाखान्यात टाचेचा तुकडा घेतला. अहवाल यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मंजुषा फोन करायची तो आबांना. मी शेजारी बसलेली असताना आबा "हां, हां" करायचे आणि ठेवून द्यायचे. अहवालात तेच होतं, आईच्याच दुखण्याचं नाव. पण पातळ होतं, वरच्या वर. कापून काढलं की बास, असं मॅडम आबांना म्हणाल्या. गाठी नाहीत, सुया नाहीत, पाय शाबूत. आबा ओसरीवर येऊन हे सांगताना हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. त्याच्या बरोबरीनं तोच प्रश्नही आला, हिला का? मी उठून कळशी घेऊन पाण्याला गेले.

ऑपरेशननंतर घरी आणायच्या दिवशी जीप ठरवली. आबांचा कापूस बाजारात जायचा होता, म्हणून मी गेले. मंजुषानं मला पाहिलं आणि म्हणाली, "पट्टीवर बसंल अशी मोठी चप्पल घ्यायचीय. गुलमंडीत जाऊन येते. तवर बसशील का आईपाशी?" पंचवीस दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पायऱ्यांच्या वर काकू बाकावर बसली होती. पाय स्टुलावर, पांढऱ्या पट्टीत. दवाखान्याच्या जेवणानं जाड झाली होती, तोंडावर तुकतुकी आलेली. मला म्हणाली, "मॅडम तुहं नाव घेत व्हत्या. म्हणल्या, त्या सिस्टरनं सांगितलं नसतं तर महिना गेला असता."

"नऊ दिवस मीच घालवले, काकू."

"ठाव हाय मला." तिनं पदरानं मान पुसली. "म्या बी खोटं बोलले. म्हणलं, हिला तोंड उघडायचं नसंल तर आपुन काहून उघडावं? तुह्या मनात काय हाय ते मला दिसत व्हतं."

खाली रिक्षावाले भांडत होते. 

"तनू, खरं सांग. म्या राह्यले अन् बाई गेली. तुला राग येतो ना?"

"येतो."

"मंजीला बघून बी?"

"तिला बघून जास्त."

काकूनं मान हलवली. रडली नाही, माझा हातही धरला नाही. "येऊ दी," ती म्हणाली. "इतके दिस सगळे गोड बोलत्यात. कान किटले माहे."

जीपवाल्यानं खालून हॉर्न दिला. मंजुषा चपलेचा डबा काखेत मारून फाटकातून येत होती, लांबूनच ओरडत, "आई, तू उतरू नको, म्या येते, थांब!"

"तिची वाट नाय बघायची," काकू म्हणाली. "चल."

तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार दिला. माझे गुडघे वाकले. शेवटच्या महिन्यात आईला मी एका हातावर उचलायचे आणि दुसऱ्या हातानं गादी झटकायचे. मी एक पायरी उतरले, थांबले, दुसरी उतरले. काकूचा श्वास माझ्या कानाशी गरम लागत होता.

"जड हाय का गं?" तिनं विचारलं.

"लई," मी म्हणाले, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला.